फुकटच्या लेव्हल संपल्यावर

लग्न होऊन मी कल्याणहून डोंबिवली पश्चिमेला आले, तेव्हा सासरी कॉम्प्युटर होता, पण फोन नव्हता. फोनसाठी अर्ज केलेला आणि सगळे वाट बघत होते. कॉम्प्युटर नवऱ्याने लग्नपत्रिका छापायच्या जोडधंद्यासाठी घेतलेला. आणि घरात सासूबाई होत्या, ज्या माझ्याशी बोलत नसत.

भांडण असं काही झालं नव्हतं. आम्ही लग्न आपल्या मनाने केलेलं. ते खाडीकाठचे कोळी, आम्ही साताऱ्याकडचे. मला धड बोंबील साफ करता येत नव्हते. आई, मी त्यांना आईच म्हणायचे, मुलाला सांगायच्या, "तिला सांग, भात झालाय." मी तिथेच, हातभर अंतरावर उभी असायचे.

आयुष्यभर त्यांनी बाजारात मासळी विकली होती. गुडघे गेले आणि टोपली सुटली. आता दुसऱ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये खिडकीशी बसून असायच्या. टीव्हीसुद्धा लावायच्या नाहीत.

माझं ऑफिस वागळे इस्टेटमध्ये. तिथे एका कॉम्प्युटरला इंटरनेट होतं, फोनच्या तारेवर चालणारं, आणि जेवणाच्या सुट्टीत साहेब ते आम्हाला वापरू द्यायचे. एका मैत्रिणीने मला गेम डाउनलोड करून त्याचे तुकडे फ्लॉप्यांवर कसे घ्यायचे ते शिकवलं. पहिला गेम मी मोठ्या हौसेने घरी आणला, तर मधलीच एक फ्लॉपी उघडेना. एक तुकडा नाही म्हणजे गेम नाही. दुसऱ्या दिवशी तेवढा तुकडा पुन्हा आणला, तेव्हा कुठे तो चालू झाला.

साधा गेम होता. पाण्याचे अरुंद रस्ते, मधे दगड, आणि एक छोटी होडी. होडीने पाण्यातली खोकी ढकलत धक्क्याला लावायची. एक लेव्हल झाली की पुढची.

रविवारी दुपारी मी खेळत बसले होते. नवरा पत्रिका पोचवायला गेलेला. एका वळणावर होडी सारखी अडकत होती. मागून आवाज आला, "डावीकडशी ने. उजवीकडं गाल असंल."

मी वळून बघितलं. आई उभ्या होत्या. आधी मला कळलंच नाही की त्या माझ्याशी बोलताहेत.

"गाळ नाहीये आई, दगड आहे तो."

"दगड त दगड. पन तू आधी मागं घे तिला."

मी होडी मागे घेतली, डावीकडून नेली. खोकं धक्क्याला लागलं. त्यांनी खुर्ची ओढली.

पुढचे काही रविवार त्या नुसत्या सांगत होत्या आणि मी बटणं दाबत होते. मग एकदा मीच म्हटलं, "तुम्हीच चालवा ना."

"मना नाय जमाचा गो."

पण हात पुढे आला होता. मिठाने आणि बर्फाने भेगाळलेलं त्यांचं बोट बाणाच्या बटणावर टेकलं, होडी सरकली, आणि आई एवढ्या मोठ्याने हसल्या की मी दचकले. संध्याकाळी नवरा आला, तर त्या त्याला म्हणाल्या, "जेवून घे तुझं तू. आमचा चाललाय."

मग लेव्हल संपल्या. पडद्यावर इंग्रजीत मजकूर आला की फुकटचा भाग इथवरच, पुढचा हवा असेल तर परदेशात पैसे भरा. मी अर्थ सांगितला. आई उठून खिडकीशी गेल्या. मला वाईट वाटलं, म्हणून मी गेमच्या बारीकसारीक जागा धुंडाळायला लागले, आणि एका कोपऱ्यात सापडलं: स्वतःची लेव्हल बनवता येत होती. पाणी, जमीन, दगड, धक्का, हवं तिथे ठेवायचं.

"आई, आपणच करूया."

त्या परत येऊन खुर्चीत बसल्या. "हितं पानी टाक," म्हणाल्या. "आनि हितं बंदर." मग वळण, मग उघाडी, म्हणजे खारजमिनीत पाणी आत-बाहेर करायची दारं. दिवा स्टेशनच्या बाजूला त्यांचं माहेर होतं, तिथली खाडी त्या मला सांगत होत्या. त्यातला मोठा फाटा बुजवून आता वर बिल्डिंगी झालेल्या. वडील होडी कुठे बांधायचे, बहिणीबरोबर चिखलातले निवट्या मासे कुठे पकडायच्या, एकेक चौकोन भरताना बोलत होत्या. कोंडलेली बाई सुटावी तशा.

एका ठिकाणी त्यांनी वाट दगडांनी बंद केली.

"असं केलं तर होडी बाहेरच नाही येणार, आई."

"नाय येनार. ओहोटीला कशी येल?"

गेममध्ये भरती-ओहोटी नव्हती. शेवटी आम्ही एकाच खाडीच्या दोन लेव्हल केल्या, एक भरतीची, एक ओहोटीची. ओहोटीची कुणालाच सुटणार नव्हती, पण आईंना ती तशीच हवी होती.

त्यांची थोरली बहीण आमच्या लग्नाला आली नव्हती. 'परजातीची पोर' म्हणून तिनेच सगळ्यात जास्त आवाज केलेला. दिवाळीनंतर ती पहिल्यांदा घरी आली. मी चहा ठेवला, तिने माझ्याकडे बघितलंही नाही. आईंनी तिला हाताला धरून कॉम्प्युटरसमोर नेलं.

मावशी पडद्याकडे बघत राहिली. मग बोट लावून म्हणाली, "यो आपला बंदर?"

"मंग?"

"उघाडी चुकली गो तुझी. ती पलीकडं व्हती, चिंचेखाली."

"तुला काय म्हाईत? तू लगीन करून गेलेलीस तवा."

दोघी पोरींसारख्या भांडायला लागल्या. चहा निवला. मधेच मावशीने विचारलं, "कोनी शिकवला तुला ह्यो?"

"माझे सुनेनी," आई म्हणाल्या. आणि मला हाक मारली, "ये गो, बस हितं. हिला दाखव, उघाडी सरकवाची कशी."

मी मधे जाऊन बसले. मावशीने थोडं सरकून जागा दिली. त्या दिवशी ती माझ्याशी काही बोलली नाही, पण निघताना माझ्या हातचा नवा, गरम चहा पिऊन गेली. नंतर ती येत राहिली. उघाडी कधी चिंचेखाली जायची, कधी परत यायची. सरकवायचं काम माझ्याकडे.

दोनेक वर्षांनी तो कॉम्प्युटर बंद पडला आणि आतलं सगळं गेलं, आमची खाडीसुद्धा. तोपर्यंत घरी फोन आलेला, इंटरनेटही. मी आईंना विचारलं, गेमचा पुढचा भाग शोधू का? त्या कोलंबी सोलत होत्या. म्हणाल्या, "नको. गेमवाल्यांची खाडी त्यांच्याकडं राहू दे." आणि अर्धी कोलंबी माझ्यापुढे सरकवली.