अरुळची काडी

आमची पोस्ट उत्तरेकडे, बर्फात होती. माणसं अकरा. मी सिग्नल्सचा हवालदार, रेडिओ डिटॅचमेंटचा कमांडर. माझ्या हाताखाली लान्स नायक अरुळ. तो एन्नोरचा, मी अंबत्तूरचा, म्हणजे दोघेही चेन्नईचे. माझं घराणं मूळचं तंजावरकडचं मराठी. घरात आमची जुनी मराठी, बाहेर तमिळ. हे लिखाण बायकोनं तपासलंय, ती साताऱ्याची. भाषा नीट वाटली तर श्रेय तिचं.

पोस्टवर दिवस घड्याळावर चालतो. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारासह मोर्च्यावर. सहाला कंपनी हेडक्वार्टरशी रेडिओ चेक. थंडीत बॅटरी बसते, म्हणून रात्री कुणीतरी ती स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचं. बायको राहिली अंबत्तूरला आणि आम्ही कवटाळायचं बॅटरीला! पाळी कुणाची ते चार्टवर लिहिलेलं असे.

अरुळ ख्रिस्ती. नाताळला चार आठवडे राहिले तेव्हा त्यानं दुधाच्या डब्यांच्या खोक्याची गव्हाण केली आणि बंकरच्या कोपऱ्यात ठेवली. कंदिलाच्या काचा ज्या पेंढ्यात यायच्या तो पेंढा शेजारी. त्याच्या घरची पद्धत अशी होती, की दिवसात एक चांगलं काम करायचं आणि गव्हाणीत एक काडी ठेवायची. नाताळपर्यंत बाळ येशूचं अंथरूण तयार व्हायला हवं.

"आणि काम काय केलं ते सांगायचं नाही, उस्ताद," तो म्हणाला.

"मग खरं-खोटं कोण बघणार?"

"ज्याला झोपायचंय तो बघेल."

मी हसलो. पण आठवड्याभरात आख्खी पोस्ट काड्या टाकायला लागली. कुणी दुसऱ्याच्या वाटचा बर्फ वितळवून पाणी भरून ठेवी, कुणी शिवी गिळी. ही शिवी गिळण्याची काडी मला काही जमली नाही. माझं तोंड तेव्हाही खराब होतं, आजही आहे.

अरुळची नाताळची रजा मंजूर होती. निघायला पाच दिवस होते. त्या रात्री चार्टवर बॅटरीची पाळी त्याची, पण सेंट्रीचा एक जवान तापानं पडला. मी अरुळला म्हणालो, "तू पहाऱ्यावर जा. बॅटरी मी घेतो." आणि कुडकुडत तसाच झोपलो. बॅटरी टेबलावर राहिली.

सकाळी सहाला रेडिओ मुका. पोस्ट चाळीस मिनिटं संपर्काबाहेर होती. खालून आमच्या शोधात गस्तीची तुकडी निघाली तेव्हा कुठे सेट बोलला. कंपनी कमांडर स्वतः लाइनवर आले.

"चार्टवर नाव कुणाचं?"

"लान्स नायक अरुळ, सर."

नाव त्याचंच होतं, त्यामुळे शब्द खरा होता. अरुळ माझ्या शेजारी उभा होता. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं, हँडसेट घेतला आणि म्हणाला, "सॉरी, सर."

रजा रद्द झाली. मी गप्प राहिलो. प्रमोशन तोंडावर होतं. दुसरं कारण नव्हतं.

नाताळच्या आदल्या दिवशी बर्फानं टेलिफोनची तार तुटली. अकराला तिघांची पार्टी निघाली, अरुळ पुढे. अकरा चाळीसला त्याचा आवाज आला, "उस्ताद, तार सापडली. जोडतोय. ओव्हर."

"लवकर उरक. ओव्हर."

अकरा बावन्नला दुसराच आवाज. "बर्फाची स्लाइड आली. अरुळ आत आहे. ओव्हर."

आम्ही दोन तास खणलं. तो सापडला तेव्हा प्राण नव्हता. रजा टिकली असती तर त्या वेळी तो आईच्या हातचं जेवत असता.

शवपेटी घेऊन एन्नोरला मीच गेलो. कोळीवाड्यातलं घर, मागे पॉवर प्लांटच्या चिमण्या. पुढच्या नाताळाला त्याच्या आईचा, अम्मांचा निरोप आला, जेवायला ये. तेव्हापासून दर वर्षी जातो. रिटायर होऊन अंबत्तूरला एका कारखान्यात सिक्युरिटी बघायला लागलो, तरी नेम चुकवला नाही. अम्मा मला मटणाची सगळ्यात मोठी वाटी वाढायच्या. मी मान खाली घालून ती संपवायचो.

यंदा त्यांनी मला आधीच, डिसेंबरच्या पहिल्या रविवारी बोलावलं. दारात कागदाचा तारा लागला होता. कोपऱ्यात गव्हाण, अजून रिकामी. त्यांनी माझ्या हातात काडी दिली. "पहिली काडी थोरल्यानं ठेवायची. माझे गुडघे आता वाकत नाहीत. तंबी, तू ठेव." तमिळमध्ये तंबी म्हणजे धाकटा भाऊ.

हात पुढे जाईना. उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. पाळी, टेबल, चार्ट, प्रमोशन. रिपोर्ट द्यावा तसं. "अम्मा, तुमचा मुलगा माझ्यामुळे तिथे होता."

त्या वळून आत गेल्या. मला वाटलं, संपलं, हे दार आता बंद. मी बाहेर येऊन चपला पायात घालत होतो.

"कुठे निघालास? डोसा तव्यावर आहे."

मी दुसरी चप्पल खाली ठेवली.

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "रजा गेली त्या रविवारी त्यानं फोन केला होता. म्हणाला, उस्तादाच्या हातून चूक झाली, आणि ती मी माझ्यावर घेतली. त्याला काही बोलू नकोस."

"मग तुम्ही मला जेवायला..."

"पहिल्या वर्षी दातओठ खात वाढलं. वाटी आपटली होती, आठवतं? तू मान खाली घालून सगळं संपवलंस. त्या रात्री मी गव्हाणीत काडी ठेवली. दर वर्षीची माझी एक काडी तू आहेस." मग जराशा रागानंच म्हणाल्या, "पण सांगायला अकरा वर्षं लावलीस रे!"

मी रडलो. भर दुपारी, पन्नाशी ओलांडलेला माणूस, एका पायात चप्पल. अम्मांनी मला रडू दिलं आणि मग डोसा करपला म्हणून ओरडल्या. मी आत जाऊन काडी ठेवली.

काडी कशाची ते कुणाला सांगायचं नाही, हा अरुळचा नियम. तो मी इथे मोडतोय, कारण पोस्टच्या रेकॉर्डमध्ये ती चूक अजून त्याच्याच नावावर आहे. लान्स नायक अरुळ, सिग्नल्स, गाव एन्नोर, नाताळच्या आदल्या दिवशी तार जोडताना गेला. त्या रात्री बॅटरी माझ्याकडे होती.