दोन मिनिटांचं गाऱ्हाणं

डिसेंबरातला दुसरा रविवार, सकाळी सव्वासहा. ठिकाण: जुन्या तरीचा धक्का. हजर: पॅकिंगमधल्या मनीषा आणि रेश्मा, हिशेब बघणारे कामतबाब, लॅबमधलं एक जोडपं, ड्रायव्हर प्रकाश, मी, आणि वाटाड्या म्हणून सगुणबाब. एकूण आठ. गैरहजर: कोणी नाही.

आमच्या पहिल्या भटकंतीची ही नोंद माझ्या वहीत आहे. तिच्याखाली लिहिलंय: ‘६.३० ला निघायचे होते. ६.४३ ला निघालो. कारण: गाऱ्हाणे.’

मी तुयेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. नदी आमच्यापासून दोन मैलांवर. पण बसच्या खिडकीतून दिसेल तेवढीच आम्ही पाहिलेली. थंडीतल्या रविवारी तिच्या काठाने चालावं, जुन्या जागा बघाव्या आणि शेवटी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, चढून तिचं मोठं वळण बघावं, ही कल्पना माझी. वेळापत्रकही माझं. पावणेआठला सड्यावर पोचलं की डोंगराआडून सूर्य येतो आणि खालचं पाणी उजळतं, असं ऐकलं होतं. वाट ठाऊक असलेला माणूस मात्र एकच होता. तो आमच्या फाटकावरचा रखवालदार.

सगुणबाबांनी त्या सकाळी धक्क्यावर चपला काढल्या, खाकी टोपी काढून काखेत धरली, नदीकडे तोंड केलं आणि हातावर नारळ घेऊन सुरुवात केली. “हे म्हाराजा! तरीवयल्या, मानशीवयल्या, आंब्यामुळच्या...” एकेक जागेचा अदृश्य राखणदार. प्रत्येकाचं नाव, त्याची जागा, त्याने कधी कोणाला सांभाळलं ते. “आज हीं तुजीं लेकरां तुज्या वाटेन चल्ल्यांत. पांयाक कांटो लागूं दिवं नाका, कोणाक चकवो लागूं दिवं नाका. गेल्ल्या पांयांनी परत घरा पावय रे म्हाराजा!” आणि आम्ही सगळे, “व्हय म्हाराजा!”

बारा नावं होती. तेवढी मोजल्याचं आठवतं. मिनिटं मोजली होती, तशी नावंही मोजली. लिहिली मात्र नाहीत.

सड्यावर पोचलो तेव्हा सूर्य हातभर वर आला होता. मी तोंड वाकडं केलं. सगुणबाब म्हणाले, “सूर्य फाल्यां परत येतलो, बाय. तो पर्मनंट आसा.”

त्यांचं बोलणं असंच, कारखान्याच्या भाषेतलं. राखणदारांना ते ‘आमच्या लायनीचे’ म्हणत. “हांव दिसाचो, ते रातचे. माका पगार, तांकां विडो.” फाटकावर त्यांचा एकच कायदा होता: नाव लिहिल्याशिवाय आत जायचं नाही. एकदा मुंबईहून आलेल्या मोठ्या साहेबांची गाडी त्यांनी उन्हात उभी केली. साहेब काच खाली करून म्हणाले, “मला ओळखत नाही का?” सगुणबाबांनी वही खिडकीतून आत दिली. “वळखतां सायबा. पूण वही वळखना.” नदीकाठच्या गाऱ्हाण्याबद्दल कामतबाबांनी त्यांना छेडलं, तेव्हाही तेच उत्तर. “आपण तांच्या गेटीतल्यान भितर वतांव न्हय? मगे? नांव घेवंक नाका?”

त्यांच्याबरोबर चाललं की दरी वेगळी दिसे. मानस म्हणजे खाजनाच्या, नदीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधातलं पाणी अडवणारं लाकडी दार. आम्हाला त्या नुसत्या कुजक्या फळ्या वाटल्या होत्या. सगुणबाबांनी दाराखालच्या दगडाच्या खाचेत बोट फिरवलं आणि भरतीने दार आपोआप कसं मिटतं ते दाखवलं. आंब्याखाली एक कोरीव दगड होता. त्यावर होडी आणि होडीत तीन माणसं. शेजारची बाई त्यावर मिरच्या वाळत घालत होती. सगुणबाब तिला ओरडले नाहीत. म्हणाले, “वयनी, मधल्याच्या तोंडार नाका घालूं गो, ताका शिंकां येतली.” ती हसली आणि मिरच्या बाजूला केल्या. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा दगड धुतलेला होता, वर जास्वंदीचं फूल.

तिसऱ्या वर्षी आमच्या भटकंतीचा बोलबाला झाला. म्हापशाहून, पणजीहून माणसं यायला लागली. पस्तीस नावं नोंदली गेली. बस ठरली, नाश्ता ठरला, मी छापील वेळापत्रक केलं. त्यात एक ओळ होती: ‘६.२५ ते ६.२७, गाऱ्हाणे.’ शनिवारी कागद घेऊन मी फाटकावर गेले.

“सगुणबाब, एवढी माणसं थंडीत उभी राहणार. दोन मिनिटांत बसवाल का?”

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. मग विचारलं, “खंयचे काडूं?”

“तुम्हीच ठरवा की,” मी म्हणाले. माझा फोन वाजत होता.

त्यांनी बसवलं. दुसऱ्या दिवसापासून गाऱ्हाणं दोन मिनिटांचं झालं, आम्ही वेळेवर सड्यावर पोचू लागलो, सूर्य मिळू लागला. लोकांनी फोटो काढले. मी त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली. कुठली नावं गेली हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

ते निवृत्त झाल्यावर दरीवर एक छोटी पुस्तिका करायची मी ठरवलं. जागा, नावं, वाट. गाऱ्हाणं लिहून घ्यायला त्यांच्या घरी गेले तर पडवीत बसून त्यांनी नऊ नावं सांगितली, दोन मिनिटांतलीच. ती मी वहीत उतरवली. म्हटलं, “ते जुनं, लांब सांगा.”

“तें खुर्चेर बसून सांगूंक जायना, बाय. थंय उबें रावचें पडटा. थंडयेंत वचूंया, दोगांय.”

मी वहीत लिहिलं: ‘डिसेंबर. सगुणबाब. पूर्ण गाऱ्हाणे.’

गणपतीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. भेटायला गेले तेव्हा त्यांच्या पत्नी सुमतीवयनी दारातच म्हणाल्या, “एकच उतर उरलां. जेवतलात? व्हय. पुरो? व्हय. चाळीस वर्सां माज्या एकाय गजालीक व्हय म्हणलां ना, आतां दीसभर व्हय.” त्या हसल्या आणि पदराने डोळे पुसून चहा ठेवायला आत गेल्या.

मी खाटेजवळ बसले. वही उघडली आणि वाचू लागले. “हे म्हाराजा, तरीवयल्या...”

“व्हय,” सगुणबाब म्हणाले. स्वच्छ, धक्क्यावर म्हणायचे तशा आवाजात.

“मानशीवयल्या...”

“व्हय.”

आयुष्यभर गाऱ्हाणं घातलेला माणूस आता आमच्या जागी उभा होता. प्रत्येक नावाला त्यांचा होकार येत गेला. नववं नाव झालं. मी थांबले. ते थांबले नाहीत. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

“व्हय?” त्यांनी विचारलं.

मी वहीचं पान उलटून त्यांना दाखवलं. पलीकडे काही नव्हतं. त्यांनी कोरं पान बराच वेळ बघितलं, मग भिंतीकडे मान वळवली.

दसऱ्याच्या आधी ते गेले.

बाराव्याला सुमतीवयनींनी मला त्यांची भटकंतीची कापडी पिशवी दिली. आत अडकित्ता, चुन्याची डबी. “दर खेपेक बारा विडे बांदून न्हेताले,” त्या म्हणाल्या. “एकदां हांवें इचारलें, नांवां णव घेतात तर विडे बारा कित्याक? तर म्हणाले, बायेची वेळ बी सांबाळची पडटा. तोंडान णव, हातान बारा.”

घरी येऊन मी जुन्या वह्या काढल्या. लांबलेल्या वेळेची कारणं लिहायची मला सवय आहे. ‘७.०४, सगुणबाब मागे. दोन मिनिटे वाया.’ ‘७.१९, सगुणबाब पुन्हा मागे.’ ‘७.३६, चढावर थांबले. घाई करायला सांगितले.’ गाऱ्हाणं दोन मिनिटांचं झाल्यापासून प्रत्येक भटकंतीला तीनदा, त्याच वेळांच्या आसपास. मला वाटलं होतं, वय झालं.

डिसेंबरात प्रकाशला बरोबर घेऊन, हातात घड्याळ धरून मी ती वाट चालले. सात वाजून चार मिनिटांनी बांधाच्या वळणावर गवतात एक चौकोनी चिरा सापडला, खाली वाळलेल्या पानांचा चुरा. एकोणीसला झरीच्या वरचं कुंभ्याचं झाड. छत्तीसला चढाचं शेवटचं वळण, सड्याच्या थोडं अलीकडे. तिथे कातळात हात मावेल एवढा कोनाडा आहे आणि त्यात तीन सुपाऱ्या होत्या. मी वळून पाहिलं. वरून नदीचं एकच वळण दिसतं. इथून दोन दिसतात, आणि त्यांच्या मधे आमचा धक्का. इथे मी एकदाही थांबले नव्हते. इथेच मी त्यांना म्हणायची, “चला, चला, सूर्य जाईल.”

विडे मी बारा नेले होते. नऊ जागी नाव घेऊन ठेवले. या तीन जागी नुसताच विडा ठेवायला हात पुढे होईना. प्रकाश म्हणाला, “ठेव गे बाय, तांकां कळटलें.” पण नाव घेतल्याशिवाय आत जायचं नाही, हे मला ज्याने शिकवलं त्याच्याच वाटेवर ते कसं चालणार?

देवळातल्या जाणत्यांना विचारलं. ती नावं सगुणबाबांच्या घराण्यातली, बापाने सांगितलेली. इतर कोणाला ठाऊक नाहीत. मुली सासरी, त्यांनी ऐकलेली नाहीत. पलीकडच्या काठावर त्यांची एक म्हातारी आते आहे, तिला ऐकू येत नाही. तिच्या कानाशी मोठ्याने काय विचारायचं ते लिहून ठेवलंय.

वहीत त्या तीन ओळी आहेत. वेळ भरली आहे, जागा भरली आहे. नावाचा रकाना कोरा. तीन विडे त्या दिवशी पिशवीतून परत आणले. आतेकडे जाणे: बाकी.