आवाज न करणारी छत्री

आमच्या अप्पांना रेनकोट घातलेल्या माणसाचा राग येतो. रेनकोट हा त्यांच्या मते बसून जाणाऱ्यांचा पोशाख. गाडीवर बसावं, टोपी ओढावी आणि आतल्या आत उकडत राहावं. चालणाऱ्याने छत्रीच घ्यावी. लहानपणापासून हे ऐकून माझे कान किटले आहेत. पण त्यामागे कारण आहे, आणि ते नुसत्या हट्टाचं नाही.

अप्पा पाणीपुरवठ्यात लाइन चालतात. डोंगरावरच्या तलावातून शहराच्या टाकीपर्यंत एक जाडजूड लोखंडी नळ येतो. त्याच्या कडेने रोज चालायचं आणि प्रत्येक सांध्यापाशी थांबून ऐकायचं. सळईचं एक टोक सांध्यावर, दुसरं कानाला. नळ ठीक असला की आतून नुसती गुणगुण येते. कुठे पाणी झिरपत असलं की त्या गुणगुणीत एक बारीक सुंकार, सूं असा आवाज, मिसळतो. तो बारीक असतानाच पकडला तर फिटर येऊन बोल्ट आवळून जातो. नाही पकडला तर एक दिवस सांधा उखडतो, खालची माती धुपते आणि उतारावरच्या घरांत चिखल शिरतो. उन्हाळ्यात गळती डोळ्यांना दिसते. पावसाळ्यात सगळंच ओलं, तेव्हा भरवसा फक्त कानांचा. रेनकोटची टोपी कानावर आली, वर तिची खसखस सुरू झाली, की संपलंच.

म्हणून छत्री. आणि छत्रीबद्दल अप्पा बोलायला लागले की समोरच्याने खुर्ची ओढून घ्यावी. लांब चालायची छत्री फार मोठी नको, वारा तिला शीड समजतो. फार लहानही नको, मग खांदे भिजतात आणि सळई निसटते. दांडा एकसंध हवा, घड्या पडणारा नको. मूठ वाकडी हवी, म्हणजे सळई लावताना उघडी छत्री मनगटावर अडकवून खांद्याला टेकवता येते. बटण दाबलं की फटकन उघडणारी छत्री त्यांना उर्मट वाटते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ती गप्प हवी. ताणलेल्या कापडावर पाऊस ताशा वाजवायला लागला तर खालचा माणूस ऐकणार काय?

वर्षानुवर्षं त्यांच्याकडे एक काळी सुती छत्री होती. भिजली की जड व्हायची, पण मऊ कापडावर पाऊस गुपचूप पडायचा. यंदा पावसाला जोर चढला तसे एक दिवस अप्पा घरी आले आणि छत्री कोपऱ्यात आपटून म्हणाले, "ही आता बोलायला लागली."

"छत्री?" आईने विचारलं.

"कापड विरलंय. नळाचं काही ऐकूच देत नाही."

कापड बदललं. तरी तेच. मग मी घडीची छत्री आणून दिली. औषधाच्या दुकानात मी काउंटरवर उभी असते, तिथे येणारी अर्धी गिऱ्हाइकं तीच घेऊन येतात. ती डोंगराच्या पहिल्याच वळणावर उलटी झाली आणि काड्या आकाशाकडे करून घरी परतली. मग त्यांनी स्वतःच एक भलीमोठी छत्री आणली. तिने त्यांना उतारावरून असं काही पळवलं, की नळाला मिठी मारून थांबावं लागलं. हे सांगताना ते स्वतःच हसले. आईने मात्र हसण्यावारी नेलं नाही.

"अहो, वय काय तुमचं? वाऱ्याबरोबर शर्यती कसल्या लावताय?"

"वाऱ्याला ती टिकली असती गं. पण आवाज करते."

प्रत्येक छत्रीबद्दल शेवटी हेच. ही टिकते पण आवाज करते, ती हलकी आहे पण आवाज करते. मला वाटलं, म्हाताऱ्याला आता छत्र्यांचं वेड लागलं. आमच्या घरात तेव्हा एकमेकांशी बोलणं कमी आणि आरोळ्या जास्त झाल्या होत्या, पण तेही मी पावसाच्याच नावावर घातलं होतं. पत्र्याचं छप्पर आहे, ओरडावंच लागतं.

मग एका संध्याकाळी कामावरून आले तर न्हाणीघरातून पाणी बाहेर आलं होतं. नळ सुरू राहिलेला, बादली भरून वाहत होती, पाणी उंबऱ्यावरून खोलीत पसरलं होतं. आणि न्हाणीघराला लागून असलेल्या खुर्चीत अप्पा पेपर वाचत बसले होते. पाय खुर्चीच्या दांडीवर, त्यामुळे पावलंही कोरडी. बाजारातून आई माझ्या मागोमागच आली. तिने पाणी बघितलं, अप्पांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी जाऊन नळ बंद केला. अप्पांनी पान उलटलं.

जन्मभर जो माणूस पाणी ऐकत आला, त्याच्या शेजारी बादली वाहत होती.

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. खरं तर ओढायची गरज नव्हती, तिथेच बोलली असती तरी चाललं असतं.

"सांगू नकोस त्यांना," ती म्हणाली. "एवढा पावसाळा जाऊ दे."

"आणि एखादा सांधा गेला तर? खाली घरं आहेत, आई."

ती पदराने कोरडेच हात पुसत राहिली. मला तिचा राग आला, पण ती कशाला घाबरते ते मला ठाऊक होतं. टाकीजवळच्या गुदामाच्या फाटकावर एक किल्लीवाला बसतो. तोही पूर्वी लाइन चालायचा. कान गेले, तसं साहेबांनी त्याला फाटकावर बसवलं. आता कोणी फिटर आला की तो चिठ्ठी बघून पाना-पक्कड काढून देतो आणि परत बसतो. एकेकाळी साऱ्या डोंगराला हाका मारणारा गडी. अप्पा रोज त्याच्यासमोरून जातात, हात वर करतात, पण थांबत नाहीत. "चांगला माणूस होता," असं म्हणतात. जिवंत माणसाबद्दल.

पुढच्या सुट्टीला अप्पा मला घेऊन छत्रीवाल्याकडे गेले. बाजारामागच्या बोळातलं अरुंद दुकान, वरपासून खालपर्यंत छत्र्या टांगलेल्या, त्यांच्यामधून वाकून आत जावं लागतं. छत्रीवाला अप्पांना चांगला ओळखत होता, म्हणजे वैतागलेलाच होता.

"या. ही पण बोलते का?" अप्पांच्या हातातल्या भल्यामोठ्या छत्रीकडे बघत त्याने विचारलं.

"बोलते कसली, बोंबलते," अप्पा म्हणाले. "मला चालायला पाहिजे, दिवसभर. वर वारा असा आहे की माणूस तिरका चालतो. आणि आवाज नको."

छत्रीवाल्याने हात टेकले नाहीत, हे त्याचं मोठेपण. त्याने एकेक छत्री काढली. शेवटी माळ्यावरून एक उतरवली. गडद हिरवी, दोन पदरी कापडाची. वरचा पदर खालच्यावर नुसता पांघरलेला, मध्ये वाऱ्याला निघून जायला वाट. काड्या लोखंडी नव्हत्या. त्याने एक काडी पार वाकवून सोडली, ती सरळ झाली. दांडा एकसंध, मूठ लाकडी आणि वाकडी. अप्पांनी ती मनगटावर अडकवून बघितली, तेव्हाच मला कळलं, हीच.

"पाणी टाकून दाखवा," ते म्हणाले.

शेजारच्या रोपवाल्याकडून झारी मागून आणली. अप्पा बोळात छत्री उघडून उभे राहिले आणि मला त्यांनी आत ओढलं. छत्रीवाला स्टुलावर चढला आणि वरून पाणी सोडलं.

कापड नवंकोरं होतं, ताणलेलं. पाणी त्यावर वाटाणे ओतल्यासारखं तडतडायला लागलं. मी दचकले. अप्पांनी डोळे मिटले होते. सळई कानाला लावताना चेहरा होतो तसा त्यांचा चेहरा झाला होता, कानात प्राण आणल्यासारखा. छत्रीवाला स्टुलावरून माझ्याकडे बघत होता. या छत्रीचा आवाज सगळ्यांत मोठा आहे, हे त्यालाही कळत होतं.

अप्पांनी डोळे उघडले. इतके आनंदले होते, की मला त्यांच्याकडे बघवेना.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "काहीच नाही! एवढं पाणी पडतंय आणि काहीच नाही!"

छत्रीवाला खाली उतरला. "ताई," तो हळूच म्हणाला, "अहो, ही तर..."

"बांधून द्या," मी म्हणाले.

परतताना अप्पा मुलाला नवं खेळणं मिळावं तसे रस्ताभर छत्री उघडत-मिटत होते. आकाशातून एक थेंब पडत नव्हता. त्या क्षणी त्यांना काही सांगण्याची माझी छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी औषधाच्या दुकानात रजा सांगून त्यांच्याबरोबर डोंगरावर गेले. अप्पांना म्हणाले, छत्री वाऱ्याला कशी चालते ते मला बघायचंय. मनात वेगळंच होतं. आईने सांगू नकोस म्हटलं होतं, पण त्या खालच्या घरांवरून माझी नजर हटत नव्हती.

छत्रीचं म्हणाल, तर ती खरंच झकास होती. खिंडीपाशी वारा अंगावर धावून आला, तेव्हा अप्पांनी ती किंचित पुढे झुकवली. वरचा पदर फडफडून उचलला गेला, वारा त्यातून निघून गेला आणि छत्री जागची हलली नाही. एका छत्रीत दोघं म्हणजे एकेक खांदा भिजणारच, पण अप्पांनी ती माझ्याकडेच जास्त धरली होती. ते सारखे बोलत होते. कुठल्या सांध्याला सळई लावली की कसा सूर येतो, लहानपणी मी त्यांच्या खांद्यावर बसून इथवर आले होते आणि झोपले होते, सगळं. मी उत्तरं देत होते. ती त्यांना लागत नव्हती.

पुढे नळ दरडीच्या कडेने वळतो. तिथल्या सांध्यापाशी आम्ही पोचलो आणि मला तो आवाज सळईशिवायच ऐकू आला. पाऊस कोसळत होता, वर कापड तडतडत होतं, आणि तरी त्या सगळ्याखालून एक धारदार सुंकार येत होता.

अप्पांनी छत्री मनगटावर अडकवली, सळई टेकवली, कान लावला. डोळे मिटले. ऐकलं. मान हलवली.

"ठणठणीत," ते म्हणाले आणि पुढे निघाले.

मी तिथेच उभी. खाली दरडीच्या पायथ्याशी कोणीतरी दारात ताडपत्री बांधत होतं.

"अप्पा!"

ते चालतच होते.

"अप्पा!" मी धावत जाऊन त्यांची बाही धरली. ते वळले आणि माझा चेहरा बघून त्यांचा चेहरा बदलला. मी नळाकडे बोट दाखवलं.

ते परत आले. पुन्हा सळई लावली. एका कानाने, मग दुसऱ्या. मग सळई ठेवून, छत्री मिटून नळाला नुसता कान लावला, गाल त्या गंजक्या लोखंडावर दाबून. मग गुडघ्यांवर बसले आणि सांध्याखाली हात घातला. बराच वेळ हात तिथेच होता. पावसाचं पाणी वरून येतं. हे बाजूने येऊन त्यांच्या तळव्यावर आपटत होतं.

उठले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"कसा येतोय?" त्यांनी विचारलं. "सांग मला. बारीक, एकसारखा? का मध्ये मध्ये तुटतोय?"

"एकसारखा," मी ओरडले.

"वर चढतोय का?"

"नाही. तसाच आहे."

"म्हणजे रबर सरकलंय. तडा नाही." त्यांनी मान हलवली. "आज आवळलं तर थांबेल. साहेबांना जाऊन सांगायला हवं."

"मी सांगते. गळतीचं सांगते फक्त."

त्यांना अर्धंच कळलं असावं, पण माझ्या तोंडाकडे बघून पुरतं उमगलं.

"नाही," ते म्हणाले. "दोन्ही सांगायचं. मीच सांगतो."

मग त्यांनी छत्री उघडली, माझ्या डोक्यावर धरली आणि वर कापडाकडे बघितलं. पाऊस त्यावर नुसता फुटत होता.

"हिचा येतो आवाज?"

माझ्या जिभेवर खोटं तयार होतं. पण त्या सांध्यापाशी उभं राहून मला ते बोलता येईना. मी मान हलवली, हो म्हणून.

"खूप?"

"खूप."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होता, अप्पा."

हे त्यांना ऐकू गेलं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी छत्रीची मूठ माझ्या हातात दिली, सळई खांद्यावर टाकली आणि उघड्या डोक्याने उतार उतरायला लागले. मी दोनदा छत्री घेऊन त्यांना गाठलं, दोन्ही वेळा त्यांनी हातानेच ती माझ्याकडे सारली. तिसऱ्यांदा मी प्रयत्न केला नाही. ते पुढे, मी मागे, तशी आम्ही फाटकाच्या दिशेने उतरलो. मला रडू आवरत नव्हतं. त्यांना ऐकू जाणार नाही, हे आता आम्हा दोघांनाही माहीत होतं, म्हणून मी मोठ्याने रडले.