खांबावरचं बेचाळीस

टेलरवहिनींना लहानपणापासून एक खोड होती. उत्तर मिळालं तरी त्या प्रश्न सोडत नसत. दुधावर साय येते ती पाण्यावर का येत नाही, आरशात डावं-उजवं उलटतं तर डोकं खाली का होत नाही, असलं काहीबाही. "या पोरीला दिवसातून चार वेळा 'का' विचारायला मिळालं नाही, तर हिला जेवण पचायचं नाही," असं त्यांचे वडील म्हणायचे. पुढे लग्न झालं, मुलगी झाली, शहराच्या टोकाला नव्याने वसलेल्या वसाहतीत फाटकाजवळ शिवणकामाचं दुकान झालं. खोड काही गेली नाही.

दुकानाबाहेरचा हवामानाचा फळा त्या खोडीतूनच निघाला. उन्हाळ्याच्या तोंडावर बायका कापड घेऊन यायच्या आणि विचारायच्या, "वहिनी, अस्तर लावायचं की उकडेल?" वहिनी मोबाइल बघायच्या. पण मोबाइल सांगायचा ते शहराचं तापमान, तेही नदीपलीकडच्या विमानतळावरचं. तिथे मोकळं गवत आणि पाण्यावरून येणारा वारा. इथे सिमेंटच्या इमारती, पत्र्याच्या पार्किंगच्या शेड आणि नुकती कुठे खांद्याएवढी झालेली झाडं. तिथलं ऊन इथे कसं चालेल? वहिनींनी औषधाच्या दुकानातून कंपनीच्या जाहिरातीचा फूटभर लांब थर्मामीटर मागून आणला, दुकानाच्या पत्र्याखाली सावलीत, खांबावर खिळा ठोकून टांगला आणि खाली छोटा फळा लावला. रोज दुपारी बारा वाजता त्यावर खडूने आकडा लिहायचा आणि पुढे "उद्या" म्हणून एक ओळ. "उद्या: झळा फार. पाणी सकाळीच भरून घ्या." किंवा, "उद्या: संध्याकाळी वारा. गाद्या उन्हात टाकायला हरकत नाही."

अंदाज मोबाइलवरून, आभाळावरून आणि थोडा स्वतःच्या गुडघ्यावरून यायचा. पाचातले चार खरे ठरायचे. पाचव्याबद्दल लोक टोमणे मारायचे, तेही प्रेमाने. हळूहळू वसाहत मोबाइल सोडून फळ्यावर विसंबायला लागली. "आज काय म्हणतोय फळा?" हे इथलं "कसं काय" झालं.

मग गेल्या उन्हाळ्यात वहिनींची बारकी मैदानावर पडली.

बारकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. धाकटी-थोरली कुणी नसताना बारकी, कारण जन्मली तेव्हा फारच बारकी होती. आता नववीत होती आणि पाच किलोमीटर पळत होती. भर उन्हात सरावाला गेली आणि फेरीच्या मधेच खाली बसली, ती उठलीच नाही. कुणीतरी दुकानात ओरडत आलं. वहिनी सुई कापडात तशीच सोडून धावल्या. लेकीचे ओठ पांढरे पडलेले, कातडी तव्यासारखी. दवाखान्यात सलाइन लागलं, दोन दिवसांत बरी झाली, आठवड्याने पुन्हा पळायला लागली. वहिनी मात्र तिथून पुढे कधी नीट झोपल्या नाहीत, असं त्यांचे यजमान म्हणायचे.

त्या पडण्यावरूनच वसाहतीच्या समितीने नियम केला. बाराच्या फळ्यावर चाळीसच्या वर आकडा असेल, तर त्या दिवशी मैदानावर काहीही होणार नाही. टेलरवहिनींचा फळा असा कायदा होऊन बसला.

या उन्हाळ्यात तो कायदा बारकीच्याच आड आला. शनिवारी संध्याकाळी मैदानावर धावण्याची निवड चाचणी होती. क्रीडा वसतिगृहाचे निवड करणारे सर येणार होते, एकाच दिवसासाठी. इथे चाचणी झाली नाही, तर ते पुढच्या गावी जाणार, आणि पुढच्या वर्षी बारकी वयात बसणार नव्हती. आणि फळा? फळ्यावर रोज बेचाळीस. कधी त्रेचाळीस.

"आई, शनिवारी उतरेल का गं?" बारकी रोज विचारायची.

"ते काय माझ्या हातात आहे, बाळा?"

खरंच नव्हतं. आणि मनातल्या मनात वहिनींना त्याचं बरं वाटत होतं. आकडा आकड्याचं काम करत होता. लेकीला "जाऊ नकोस" म्हणायचं पाप त्यांच्या माथी येत नव्हतं.

बुधवारी दुपारी वीज गेली. मशीन थांबलं, पंखा थांबला. वहिनी घाम पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने सहज थर्मामीटरकडे नजर गेली आणि त्या पुढे झाल्या. बेचाळीसवरची लाल रेघ एकोणचाळीसवर आली होती. ऊन तसंच होतं. वारा पडलेला होता. वीज आल्यावर त्यांनी शिवण बाजूला ठेवून नुसतं बघत राहायचं ठरवलं. रेघ पुन्हा चढली. चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस.

यजमान बस आगारात वेळा लिहायचं काम करत. ते घरी आले तसा वहिनींनी चहाच्या आधी प्रश्न पुढे केला. "अहो, वीज गेल्यावर ऊन कमी होतं का हो?"

"वीज मंडळाकडे अजून सूर्याचं खातं दिलेलं नाही," ते म्हणाले. "का गं?"

का, तेच तर कळत नव्हतं. गुरुवारी वहिनी दुकानाच्या पायरीवर बसून खांबाकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या दुकानाबाहेर कुठेही बघा, दोऱ्यांचे तुकडे चिकटलेले असत. खांबाच्या खिळ्याला एक पांढरा दोरा लोंबत होता. झाडाचं पान हलत नव्हतं, पण दोरा हलत होता. खालून वर, जणू कुणी त्याला फुंकर घालत होतं. वहिनींनी खाली हात धरला आणि चटकन मागे घेतला.

खाली, खांबाच्या आणि शेजारच्या आइस्क्रीमच्या दुकानाच्या मधल्या फटीत, एक जाळी होती. तिच्यामागे काहीतरी घरघरत होतं.

"गारभाऊ!" वहिनींनी हाक मारली. आइस्क्रीमवाल्याचं हे नाव पोरांनी पाडलेलं. "जरा बाहेर या. हा तुमचा फ्रीझर कधीपासून इथे आहे?"

"मोठा होय? याच उन्हाळ्यात घेतला, वहिनी. हप्त्यावर. का, आवाज होतो का?"

"आवाजाचं सोडा. माझ्या थर्मामीटरला झळ लागतेय त्याची."

"काहीही काय, वहिनी! तो गार करतो. गरम कसा करेल?"

"आत गार करतो. आतली गरमी काढून टाकतो कुठे?"

"कुठे?"

"लावा हात."

गारभाऊंनी हात लावला. "अगागा!" मग कमरेवर हात ठेवून ते विचारात पडले. डोळे एकदम मोठे झाले. "थांबा, थांबा. म्हणजे फळ्यावर आकडा चढला की लोक माझ्याकडे येतात. आले की मी सारखं झाकण उघडतो. उघडलं की मशीन जोरात चालतं, आणि ते चाललं की तुमचा आकडा चढतो?"

"असंच दिसतंय."

"मग कशाला हलवता? देवानेच जमवून आणलंय की!"

वहिनी हसल्या, पण ते हसू दुकानात शिरेपर्यंतही टिकलं नाही. आकडा खोटा होता. शनिवारी फळ्यावर येणारं बेचाळीस आइस्क्रीमचं होतं, उन्हाचं नव्हतं. हे त्यांना आणि गारभाऊंना सोडून कुणाला ठाऊक नव्हतं, आणि गारभाऊ स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणारे नव्हते. गप्प बसलं की झालं. लेक घरी राहील, सावलीत राहील.

संध्याकाळी बारकीने काही विचारलं नाही. बुटांच्या नाड्या काढून, धुऊन, दोरीवर वाळत घातल्या होत्या. "कशाला धुतल्यास गं, शनिवारी होणार नाही असं दिसतंय ना?" वहिनींनी विचारलं.

"बुटात राहिल्या काय, धुतल्या काय. तुला काय झालं?" बारकी फटकन बोलली आणि आत गेली.

शुक्रवारी सकाळी वहिनींनी थर्मामीटर खिळ्यावरून काढला. काही करायचं म्हणून नाही, नुसतं बघायचं म्हणून, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरा आकडा चाळीसच्या वर निघाला, तर मन तरी शांत होईल. त्यांनी शहराच्या हवामान खात्याचा फोन नंबर शोधून फिरवला. पलीकडचा माणूस आधी वैतागलेला होता.

"थर्मामीटर कुठे टांगलाय तुम्ही?"

"खांबावर. पत्र्याखाली."

"पत्र्याखाली!" त्याने असा सुस्कारा टाकला, की वहिनींना शाळेत हातावर पट्टी बसल्यासारखं झालं. "बाई, भिंतीपासून लांब, पत्र्यापासून लांब. खाली गवत पाहिजे. छातीएवढ्या उंचीवर, पांढऱ्या पेटीत. पेटीला फटी हव्यात, वारा खेळला पाहिजे, पण ऊन आत नको."

"पांढरीच का? आणि छातीएवढीच का, डोक्याएवढी का नको?"

मग तो माणूस खुलला. त्याला बहुधा असं कुणी विचारत नसावं. जमिनीची धग किती उंच चढते, पांढरा रंग ऊन कसं परतवतो, हे सगळं त्याने समजावून सांगितलं. वहिनी दोन ब्लाउज शिवायचे विसरून ऐकत राहिल्या.

फळवाल्याकडून त्यांनी फटींची लाकडी पेटी आणली, चुना लावला आणि मैदानाच्या कडेला, गवतावर, झाडाच्या सावलीत दोन खुर्च्या एकावर एक ठेवून त्यावर मांडली. बारा वाजता वाकून पाहिलं.

अडतीस.

फळा त्या दिवशी कोरा राहिला. वहिनी तशाच उन्हात उभ्या होत्या. बघितलं नसतं तर बरं झालं असतं, आणि बघितल्यावाचून राहवलं तर नसतंच. आता गप्प बसायचं म्हणजे रोज लेकीच्या डोळ्यांत बघून खोटं लिहायचं. वहिनी समितीच्या सेक्रेटरींच्या घरी गेल्या.

सेक्रेटरींनी सगळं ऐकून चष्मा काढला. "वहिनी, उद्या तुमच्याच मुलीची चाचणी, आणि आजच तुमचा आकडा चार अंशांनी घसरला? लोक काय म्हणतील?"

"म्हणूनच मी वाचणार नाही. तुम्ही वाचा. सगळ्यांसमोर."

"तुम्हाला पाहिजे का ती पळायला?" सेक्रेटरींनी अचानक विचारलं. गेल्या वर्षी दवाखान्यात तेही आले होते.

"मला विचाराल तर नको," वहिनी म्हणाल्या. "पण मला नको म्हणून पारा चढत नाही ना."

शनिवारी बाराला निम्मी वसाहत फाटकावर जमली. आधी खांब; थर्मामीटर पुन्हा खिळ्यावर टांगला होता. सेक्रेटरींनी मोठ्याने वाचलं, "बेचाळीस!" मग गारभाऊंनी जड अंतःकरणाने फ्रीझरचं बटण बंद केलं. "आइस्क्रीमचं सरबत झालं तर समितीला पाजेन," ते म्हणाले. सगळे वाट बघत उभे राहिले. हळूहळू रेघ उतरत गेली तशी कुजबुज वाढत गेली.

"म्हणजे गेला महिनाभर मला घाम आला तो खोटा होता का?" पेन्शनर आजोबांनी विचारलं.

"घाम खराच होता, आजोबा," कुणीतरी म्हणालं. "फक्त अडतीसचा घाम तुम्ही बेचाळीसच्या भावाने काढलात!"

मग सगळी मिरवणूक मैदानावर गेली. थर्मामीटर पेटीत ठेवला. वहिनी मुद्दाम मागे, गर्दीच्या शेवटी उभ्या राहिल्या. बारकी पुढे होती, ओठ चावत. सेक्रेटरी वाकले, पुन्हा वाकले.

"एकोणचाळीस."

चाळीसला एकच अंश कमी. पुढे बारकीने मारलेली उडी वहिनींना मागून दिसली.

संध्याकाळी वहिनी वळणावर ओलं कापड आणि पाण्याची बाटली घेऊन उभ्या राहिल्या. यजमान हातात छत्री घेऊन त्यांच्यावर सावली धरत होते. "पळतेय ती, भोवळ तुलाच येईल," ते पुटपुटत होते. पहिल्या फेऱ्यांत बारकी पुढच्या घोळक्यात होती. मग मागे पडायला लागली. चेहरा लालबुंद. वहिनींचे पाय आपोआप मैदानात शिरले. यजमानांनी पदर धरला.

बारकी वळणावर आली आणि चक्क थांबली. बाटली हिसकावून घेतली, दोन घोट प्यायली, उरलेली डोक्यावर ओतली, कापड मानेवर टाकलं. तीन मुली तिच्या पुढे निघून गेल्या.

"बारके, बस झालं गं. ये बाहेर," वहिनी म्हणाल्या.

"आई, मागच्या वेळी मी थांबले नव्हते, म्हणून पडले," बारकी धापा टाकत म्हणाली. "आता थांबलेय ना? मग?" आणि ती पळाली.

ती पाचवी आली. सरांनी सहा जणींची नावं घेतली. बारकीला मैत्रिणींनी उचललं आणि वहिनी तिच्याकडे न जाता सरळ सरांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अभिनंदन, ताई," सर म्हणाले. "पुढच्या महिन्यात पाठवा तिला."

"वसतिगृहाच्या खोल्यांच्या खिडक्या कोणत्या बाजूला आहेत?"

"खिडक्या?"

"पश्चिमेला असतील तर दुपारनंतर भट्टी होते. वर गच्ची आहे की आणखी मजला? पंखे किती? पाण्याची टाकी उन्हात आहे की सावलीत? सराव किती वाजता असतो? तिथे तापमान कोण बघतं?"

सरांनी यजमानांकडे मदतीसाठी पाहिलं. यजमानांनी छत्री मिटली आणि ते दुसरीकडे बघायला लागले.

"ताई, खरं सांगू? खिडक्या कुठल्या बाजूला आहेत ते मी कधी बघितलंच नाही," सर म्हणाले. "तुम्हीच एकदा येऊन बघा ना."

"ते तर येणारच आहे," वहिनी म्हणाल्या. "मी दुपारी येऊ की सकाळी? दुपारीच येते. दुपारी खरं कळतं."