पहिल्या दिवसाची पाच भोकं

इंग्लंडमधल्या वॉटफर्डच्या क्लबात माझ्या शेजारच्या लेनवर नेमबाजी करणारे ते गृहस्थ नेम धरताना पुटपुटायचे, "या बाईसाहेब, बसा." छर्रा टारगेटच्या मधोमध बसला की समाधानाने वेलदोडा तोंडात टाकायचे. निवृत्त फार्मासिस्ट. त्यांचा नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता.

साठी उलटल्यावर मी एअर पिस्तूल घेतलं, तेव्हा दुकानात तेच सोबत होते. दुकानदार माहिती देत होता आणि मी पिस्तूल हातात धरून काचेत स्वतःलाच बघत होतो.

"डॉक्टर, लग्नात तरी इतके खूश होता का?" ते म्हणाले.

तसेच क्लबात गेलो. मी पाच वेळा चाप ओढला. पाचही वेळा फट् असा सुंदर आवाज झाला आणि मी हसत सुटलो. टारगेटचं कार्ड आणून बघतो तर अगदी मधोमध पाच भोकं. त्यांचं कार्ड मात्र कोरं.

"आज माझा हात हलला," ते सेक्रेटरीला म्हणाले. "डॉक्टरांचा बघा."

घरी पिशवी उघडली, तर छर्ऱ्यांची नवी डबी सीलबंद. दरवेळी छर्रा हाताने भरायचा असतो, हे मी ऐकलंच नव्हतं. मी नुसती हवा सोडत होतो. शेजारच्या लेनवरून ते पाहून त्यांनी माझ्या कार्डावर नेम धरला होता. ती पाचही भोकं त्यांची, हे आज प्रथमच लिहितो आहे.

पुढच्या रविवारी खरं सांगायचं ठरवून गेलो. कार्ड माझ्या नावानिशी भिंतीवर लागलं होतं आणि लोक हात मिळवत होते. सर्वांत शेवटी ते आले.

"अभिनंदन, डॉक्टर."

मी "थँक यू" म्हणालो.