राजमबाईंची वडामं

ओरत्तनाडूच्या सरकारी कचेरीतून राजमबाई निवृत्त झाल्या तेव्हा घरच्यांना फार आनंद झाला. आता अम्मा घरी असणार, म्हणजे दोन वेळची कॉफी, धोब्याचा हिशेब आणि गॅसवाल्याची वाट हे सगळं एकाच माणसावर सोपवता येणार.

राजमबाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं. एवढी वर्षं सकाळच्या बसमध्ये कुणाच्या तरी कोपराखाली उभं राहून त्यांनी खिडकीबाहेरची भातशेतं तुकड्यातुकड्यांनी पाहिली होती. आता त्यांना सलग काहीतरी पाहायचं होतं. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्या गच्चीवर गेल्या आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्या. समोर शेजाऱ्यांचा कडुलिंब, पलीकडे नारळांचे शेंडे, वर घारी. बस्स.

घर हादरलं.

"काय झालं गं?" हनुमंतराव जिन्यावरूनच ओरडले. बायको हातात काही न घेता बसलेली त्यांनी लग्नानंतर प्रथमच पाहिली होती.

"काही नाही."

"काही नाही तर बसलीस कां?"

या प्रश्नाला कचेरीतही कुणाला उत्तर सुचलं नसतं. राजमबाई पुन्हा घारींकडे पाहू लागल्या, आणि तेच चुकलं. संध्याकाळपर्यंत मुलगा मुरलीकृष्णाने निदान केलं: डिप्रेशन. तो संगणकाच्या कंपनीत असल्यामुळे त्याला सगळ्याच विषयांतलं कळत असे. त्याने आईच्या फोनवर ध्यानाचं अ‍ॅप घातलं. त्यातली बाई दर मिनिटाला "शांत व्हा, शांत व्हा" असं इतकं बजावायची, की राजमबाईंना शांत राहणं अशक्य झालं. डॉक्टरांनी रक्त तपासून व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. नणंदेने तिरुवैयारूहून अंगारा पाठवला. शेजारणी चौकशीला गच्चीवर येऊ लागल्या आणि एकटेपणा वाईट असतो हे समजावत तासन्‌तास बसू लागल्या.

राजमबाईंनी वर जाणं सोडलं. घर सुटकेचा निःश्वास टाकून पूर्ववत कॉफी मागू लागलं.

पंगुनीचं, फाल्गुन-चैत्रातलं ऊन तापलं, तांदळाच्या कुरडयांसारखी वडामं वाळवायचे दिवस आले, तशी सून श्रीलक्ष्मी बँकेत जाता जाता सहज म्हणाली, "अम्मा, यंदा वडामं बाजारातनंच आणूया. कावळे हाकायला वेळ कुणाला आहे?"

राजमबाईंनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या दिवशीच तांदूळ भिजत घातले.

दुसऱ्या दिवशी पहाटेच पीठ शिजवून त्यांनी गच्चीवर जुन्या धोतरावर वडामं घातली, शेजारी काठी ठेवली आणि टाकीच्या सावलीत बसल्या. तोच कडुलिंब, त्याच घारी, तेच बसणं. पण आता सारं घर पायांचा आवाज न करता वावरू लागलं. कुणी हाक मारली तर हनुमंतराव दटावत, "ती कामात आहे!" मुरलीकृष्णाने तर आईला उन्हाची टोपी आणून दिली. शेजारणींनी कौतुक केलं आणि आपल्यालाही वडामं घालायला बसवतील या भीतीने घरी गेल्या.

राजमबाई बसून राहिल्या. कडुलिंबाला मोहोर आला होता. बसमधून असा वास कधी आला नव्हता. मुंग्यांची एक रांग टाकीला वळसा घालून कुठे जाते, ते त्या सकाळभर पाहत राहिल्या. घरात वडामांचे डबे भरले, मग बादल्या भरल्या. जेवायला रोज वडामं तळली जाऊ लागली आणि कुणी तक्रार केली नाही, कारण आजार बरा झाला होता.

एका रविवारी हनुमंतराव वर आले तर कावळा धोतरावर ऐटीत बसून वडामं खात होता. काठी आडवी पडलेली, आणि बायको त्याच्याकडे पाहत स्वस्थ बसलेली.

"अगं, कावळा खातोय! मुरली, अम्माला परत तेच झालं बघ!"

राजमबाईंचा हात काठीकडे गेला. तेवढ्यात कपडे वाळत घालणारी श्रीलक्ष्मी म्हणाली, "मामा, मीच सांगितलं हाकलू नका म्हणून. आज अमावास्या. कावळ्याला घालायचं असतं."

आदल्या रात्रीच गच्चीवर जवळजवळ पुऱ्या चंद्राचं चांदणं पसरलं होतं. पण असल्या गोष्टी बायकांना ठाऊक असतात अशी हनुमंतरावांची पक्की समजूत होती. "मग बरोबर," म्हणत ते खाली उतरले.

श्रीलक्ष्मीने कपड्यांची बादली तशीच ठेवली आणि टाकीच्या सावलीत येऊन टेकली. राजमबाई थोड्या सरकल्या. कावळ्याने दुसरं वडाम उचललं.