वृंदावनातली रोझमेरी

अमेरिकेतल्या नोव्हाय गावातले आमचे शेजारी काका गाड्यांचे ब्रेक डिझाइन करतात आणि बोलतातही ब्रेक दाबत: "बघू... सावकाश... घाई काय आहे?" बटाट्याच्या भाजीत घालायला त्यांनी अंगणात रोझमेरी लावली. हे भूमध्य समुद्राकाठचं झाड मिशिगनच्या थंडीत जगावं म्हणून इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या सत्कारात मिळालेली शाल त्यांनी तिला गुंडाळली. सत्काराचा इतका चांगला उपयोग मी दुसरा पाहिलेला नाही.

मग सोसायटीच्या कमिटीची नोटीस आली: घरासमोर खाण्याची झाडं चालणार नाहीत, उपटा. मी भडकून पत्रकं छापली, 'आमची माती, आमचं ताट!' "काका, सही करा. लढू!"

"बघू," काका म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी रोझमेरी काकूंच्या, थंडीत तुळस गेल्याने रिकाम्या पडलेल्या तुळशीवृंदावनात हलवली, वर हळदकुंकू वाहिलं. कमिटीच्या बाई आल्या, धर्माचं झाड म्हणून सॉरी म्हणत हात जोडून गेल्या.

"काका, ही शुद्ध लबाडी आहे."

"झाड वाचलं ना?"

वाचलं. पण परवा भाजी फोडणीला टाकून काका पानं खुडायला गेले, तर काकू दारातून कडाडल्या, "हात लावू नका! रोज दिवा लावते मी तिथे."

आता काका रोझमेरी दुकानातून आणतात. शाल मात्र अजून वृंदावनातल्या झाडालाच पांघरवतात.